दुखणं सोबत असताना आवडीच्या गोष्टींकडे परत कसं वळायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आणि थकव्याचा जुनाट आजार, आहे हे कळून नऊ वर्षं झाली. त्याआधीचं माझं आयुष्य पुण्यातल्या चाळिशीच्या कुठल्याही बाईसारखं होतं. सकाळी वेताळ टेकडी, मग नोकरी, संध्याकाळी थोडा वेळ पेटी, दिवाळीत दारापुढे एकवीस ठिपक्यांची रांगोळी. ते सगळं एकेक करून सुटलं, आणि त्यातलं बरंचसं एकेक करून परत आलं. आता आम्ही काही दुखणेकरी महिन्यातून एकदा भेटतो. कोणाला आमवात आहे, कोणाची चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी अजून गेलेली नाही, कोणाची कंबर दहा वर्षांपासून धरलेली आहे, कोणाला कोविडनंतरचा थकवा सोडत नाही. नवीन आलेलं माणूस औषधांचं बोलून झालं की हळूच विचारतं, "माझं ते परत होईल का हो?" ते म्हणजे कधी बाग असते, कधी भजनी मंडळ, कधी गड. त्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही. अनुभवाचं सांगते आहे, आणि माझ्या डॉक्टरांकडून व फिजिओथेरपिस्टकडून जे शिकले तेही.

आधी दुखणं पूर्ण थांबू दे, मग आवडीनिवडीचं बघू. हे बरोबर नाही का?

मी चार वर्षं हेच म्हणत होते. पेटीवर खोळ घालून ती कपाटावर ठेवून दिली होती. "बरं वाटलं की काढू." बरं वाटण्याचा दिवस काही उजाडला नाही, आणि चार वर्षांनी पेटी उतरवली तेव्हा दोन स्वर चिकटले होते, भात्याला कसर लागली होती.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा परत परत येणाऱ्या दुखण्याला जुनाट दुखणं म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात अशा दुखण्याला स्वतःची वेगळी जागा दिलेली आहे. म्हणजे ते दुसऱ्या कुठल्या आजाराची सावली असेलच असं नाही, तोच एक आजार असू शकतो. अशा दुखण्याच्या बाबतीत "आधी बरं, मग आनंद" हा क्रम बहुतेक वेळा लागतच नाही. उलट होतं काय, की माणूस एकेक गोष्ट सोडतं, हालचाल कमी होते, स्नायू ढिले पडतात, झोप बिघडते, लक्ष लागायला दुसरं काही उरत नाही, आणि मग दिवसभर घरात फक्त आपण आणि आपलं दुखणं. ते मोठं वाटायला लागतं, आणि खरोखरच वाढतंही.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने फायब्रोमायल्जियावरच्या उपायांची छाननी करून २०१७ मध्ये शिफारसी प्रसिद्ध केल्या. त्यांत सगळ्यांत ठाम शिफारस मिळाली ती व्यायामाला, कुठल्याही गोळीला नाही. टेकडीवर चालणं, नाचणं, बागेत वाकणं, हाही शेवटी व्यायामच आहे, आणि आवडीचा असल्यामुळे तो टिकतो.

पण दुखतंय म्हणजे आत काहीतरी झिजतंय, फाटतंय, असंच ना?

नेहमी नाही. बोट कापलं तर दुखण्याचा अर्थ सरळ आहे. जुनाट दुखण्यात मात्र मज्जासंस्था हळवी झालेली असते. आमच्या आजोळच्या वाड्यात एक कुत्रा होता. तो चोरावर भुंकायचा, पोस्टमनवर भुंकायचा आणि वाऱ्याने दार वाजलं तरी भुंकायचा. भुंकणं खरंच असायचं, पण दरवेळी चोर नसायचा. फायब्रोमायल्जियाचं दुखणं असं असतं. ते खरं असतं, कोणी कल्पनेने आणलेलं नसतं, पण ठणका वाढला म्हणून इजा झालीच असं त्यात धरता येत नाही.

हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. त्याआधी पेटीच्या पट्ट्यांवर बोट दुखलं की मी हात झटकन मागे घ्यायचे, सांधा खराब होईल म्हणून.

आमवातासारख्या आजारात मात्र सांध्याला खरी सूज येते आणि उपचार न झाल्यास सांधा खराब होतोही. तिथे सूज असताना सांध्यावर जोर द्यायचा नाही. म्हणून आपलं दुखणं कोणत्या जातीचं आहे हे आधी डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना काय काय विचारू?

सगळ्यांत आधी थकव्याची साधी कारणं तपासली आहेत का, हे विचारा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व. आपल्याकडे शाकाहारी घरांमध्ये बी-१२ कमी असणं फार दिसतं, आणि त्याने थकवा येतो, हातापायाला मुंग्याही येतात. घोरणं जोरात असेल आणि रात्रभर झोपूनही सकाळी ताजंतवानं वाटत नसेल तर तेही सांगा.

काही गोष्टी मात्र महिन्याच्या तपासणीपर्यंत थांबवायच्या नाहीत. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, हातापायातली ताकद अचानक कमी होणं, छातीत दुखणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं. सकाळी सांधे तासभर आखडलेले राहत असतील आणि हात लावल्यावर ते सुजलेले, गरम लागत असतील, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

आणि शेवटी हा प्रश्न विचारा : "मला अमुक करायचं आहे. त्यात माझ्यासाठी काही धोका आहे का?" मी "पेटी वाजवू का?" असं विचारलं तेव्हा माझ्या डॉक्टर म्हणाल्या, "दुखेल. वाजवा." या दोन शब्दांची चिठ्ठी करून मी कपाटाला लावली होती.

सुरुवात कशापासून करू? सुटलेल्या गोष्टींची यादीच फार मोठी आहे.

यादीतली एकच गोष्ट घ्या. जी आठवली की घशात दाटून येतं, ती. मग कागद घेऊन लिहा : यात मला नेमकं काय आवडायचं?

टेकडीचं मी लिहिलं तेव्हा मलाच नवल वाटलं. चढ आवडायचा असं मी समजत होते. कागदावर उतरलं ते वेगळंच. पहाटेचा गार वारा, मोरांचे आवाज, खाली उतरल्यावर टपरीवरचा चहा, आणि त्या चहाबरोबर दोन मैत्रिणींशी होणाऱ्या गप्पा. यातल्या तीन गोष्टींना चढ लागतच नाही. पहिले तीन महिने मी रिक्षाने टेकडीच्या पायथ्याशी जायचे, बाकावर बसायचे आणि मैत्रिणी उतरल्या की चहा प्यायचे. टेकडी चढण्याआधीच मला माझी टेकडी बरीचशी परत मिळाली होती.

आमच्या गटात एक दादा आहेत, ढोल-ताशा पथकात अकरा वर्षं वाजवलेले. त्यांना अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे पाठीचा कणा आखडवणारा संधिवात, झाला. ढोल कमरेला बांधून मिरवणुकीत तासन्‌तास उभं राहणं आता शक्य नाही. त्यांनी लिहिलं : पोरांबरोबरचा दंगा, ठेका बसल्यावर अंगावर येणारा काटा. आता गणपतीच्या आधीच्या सरावाला ते नव्या मुलांकडून हात बसवून घेतात, मधूनमधून चालतात, पाठ ताणतात. त्यांच्या आजारात बसून राहिलं की पाठ जास्त आखडते आणि हालचालीने मोकळी होते, त्यामुळे ते त्यांना सोसतं.

किती वेळाने सुरुवात करायची? पाच मिनिटं की तास?

यावर थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते.

आपण सगळे दुखण्याला विचारून थांबतो. "दुखायला लागलं की थांबू." याने दोन गोष्टी होतात. ज्या दिवशी उशिरा दुखतं त्या दिवशी आपण फार पुढे जातो. आणि प्रत्येक वेळी शेवट दुखण्यानेच झाल्यामुळे मेंदू ती गोष्ट आणि दुखणं यांची गाठ मारून टाकतो. म्हणून थांबायचं ते घड्याळाकडे बघून, दुखणं वाढायच्या आधी.

माझं पेटीचं गणित असं होतं. पाच दिवस नुसतं मोजलं की किती मिनिटांनी दुखणं ठळकपणे वाढतं. चौदा, नऊ, बारा, सहा, नऊ. बेरीज पन्नास, सरासरी दहा. त्यातून साधारण पाचवा हिस्सा काढून टाकला. उरली आठ मिनिटं. ती आठ मिनिटं चांगल्या दिवशीही आठ आणि वाईट दिवशीही शक्यतो आठच.

मांडी घालून बसणं मला जमत नव्हतं. म्हणून पेटी जेवणाच्या टेबलावर आणि मी पाठ टेकता येईल अशा खुर्चीत. पायाखाली पाट. भाता डाव्या हाताने ओढताना खांदा वर उचलला जायचा, तो फिजिओथेरपिस्टने आरशात दाखवून खाली आणायला शिकवला. मोबाइलवर आठ मिनिटांचा गजर. पहिल्या दिवशी भूपाचं साधं सरगमगीत घेतलं. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत गजर वाजला. बोटं अजून दुखत नव्हती, सूर लागला होता, आणि भाता बंद करायचा होता. मी बंद केला आणि टेबलाशी बसून रडले. फिजिओथेरपिस्टला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "उद्या वाजवावंसं वाटतंय ना? मग बरोबर जागी थांबलात."

तुमची गोष्ट विणकाम असेल, कुंड्या असतील, पोहणं असेल, तरी मोजण्याची रीत हीच. चालण्याच्या बाबतीत मिनिटांऐवजी विजेचे खांब मोजले तरी चालतं. मात्र अर्ध्या वाटेवरून परतायचं आहे हे लक्षात ठेवा. जाताना सगळी शक्ती वापरून टाकली आणि येताना रिक्षा शोधत उभे राहिले, असं आमच्यातल्या प्रत्येकाचं एकदा तरी झालेलं आहे.

चांगला दिवस असेल तर थोडं जास्त केलं तर काय बिघडलं?

त्या एका दिवसाची किंमत पुढचे चार दिवस चुकवतात.

आजार कळल्यानंतरच्या तिसऱ्या दिवाळीत वसुबारसेला मला फार छान वाटत होतं. सकाळी भाजणीची चकली पाडायला घेतली. सोऱ्या फिरवता फिरवता दोन किलोच्या चकल्या झाल्या, मग शंकरपाळे, मग संध्याकाळी उत्साहाने रांगोळी. दुसऱ्या दिवशी उठताना हाताची मूठ मिटत नव्हती. लक्ष्मीपूजनाला मी अंथरुणात होते आणि बाहेरून घंटेचा आवाज ऐकत होते. भाऊबीजेला भाऊ आला, त्याला मी पडल्या पडल्या ओवाळलं.

चढाई आणि कोसळणं, चढाई आणि कोसळणं, असं हे चक्र चालतं, आणि दर वेळी कोसळण्याचा तळ थोडा खाली जातो. चांगल्या दिवशी हात आवरणं ही वाईट दिवशी हात चालवण्यापेक्षा अवघड गोष्ट आहे. मी अजून शिकते आहे.

मग वाढवायचं कधी?

एक-दोन आठवडे ठरलेला वेळ विनासायास जमला की साधारण दहावा हिस्सा वाढवा. आठाची नऊ मिनिटं, नवाची दहा. मला पंचवीस मिनिटांवर यायला सात-आठ महिने लागले, मध्ये दोनदा खाली उतरावं लागलं. पंचवीसच्या पुढे गेलं की मनगट बोलायला लागतं, म्हणून गेली तीन वर्षं मी पंचवीसवरच आहे. पंचवीस मिनिटांत एक बडा ख्याल होत नाही, पण दोन नाट्यपदं आरामात होतात.

माझं वेगळंच होतं. करताना काही वाटत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी अक्षरशः कोसळते. मीही असंच वाढवत जाऊ का?

नाही. कृपया हे उत्तर घाईत वाचू नका.

श्रमानंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी थकवा एकदम उसळतो, डोकं धुक्यात गेल्यासारखं होतं, घसा दुखतो, झोपून उठलं तरी काही भरून येत नाही, आणि हे दिवसेंदिवस टिकतं. एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम या आजाराची ही मुख्य खूण आहे. कोविडनंतर रेंगाळलेल्या आजारातही ती अनेकांमध्ये दिसते. अशा लोकांना "रोज थोडं थोडं वाढवा" सांगितलं की नुकसान होऊ शकतं. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये असं स्पष्ट केलं.

तुमच्यासाठी नियम एकच. आहे त्या शक्तीच्या आत राहायचं. आवडीची गोष्ट ठेवायची, पण इतकी लहान की दोन दिवसांनंतरही फटका बसणार नाही. त्यासाठी वही ठेवा. सोमवारी काय केलं आणि बुधवारी कसं वाटलं, हे शेजारी शेजारी लिहा. बोलणं, वाचणं, फोनवर गप्पा यांनीही शक्ती जाते, तेही धरा. आमच्या गटातल्या अशा एका ताईंना पूर्वी कादंबऱ्या वाचायच्या असत. आता त्या डोळे मिटून, पडून, दिवसातून दहा मिनिटं पुस्तकाचं ध्वनिमुद्रण ऐकतात. एक कादंबरी दोन महिने पुरते. त्या म्हणतात की इतकी हळू त्यांनी कधी वाचली नव्हती आणि पात्रं आता घरात राहायला आल्यासारखी वाटतात.

थकवाच इतका असतो की कामं उरकेपर्यंत काही शिल्लक राहत नाही. आवडीचं करायचं तरी केव्हा?

आमच्या सोसायटीत पाणी सकाळी दीड तास येतं. टाकी भरली की दिवसभर ती जपून वापरायची. सकाळीच गाडी धुवून टाकली तर संध्याकाळी भांड्यांना पाणी नाही. अंगातल्या शक्तीचं असंच आहे, आणि आपण सगळ्यांनी आवडीच्या गोष्टीला कायम टाकीच्या तळाशी ठेवलेलं असतं.

मी तिला वर आणली. पेटी सकाळी साडेआठला, चहा झाल्यावर, कुकर लावायच्या आधी. घरात पसारा तसाच असतो. सुरुवातीला त्या पसाऱ्याकडे पाठ करून बसावं लागायचं.

बाकी सांगण्यासारखं थोडंच. जड काम आणि हलकं काम आलटून पालटून घ्या. भाजी बसून निवडा, पोळ्यांची कणीक मिक्सरच्या भांड्यात किंवा दुसऱ्याच्या हाताने मळून घ्या. दुपारी अर्धा तास आडवं व्हा, थकायच्या आधी.

घरचे म्हणतात, "स्वयंपाकाला हात दुखतात आणि हौसेला बरे चालतात." काय उत्तर देऊ?

हा प्रश्न बायका विचारतात, आणि विचारताना आवाज खाली जातो. पुरुषांना तो वेगळ्या शब्दांत येतो : "रजा घेतोस आणि क्रिकेट बघायला स्टेडियमला जातोस?"

माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं. वाईट हेतूने नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं. "पोळ्या लाटताना मनगट धरतं म्हणतेस, मग पेटी कशी चालते गं?"

मी म्हटलं, "आई, तेव्हाही दुखतंच. पण पोळ्या झाल्या की माझ्याकडे नुसतं दुखणं उरतं. पेटी झाली की दुखणं असतं आणि गाणंही असतं."

त्या काही बोलल्या नाहीत. दोनेक आठवड्यांनी एकदा सकाळी मी तशीच ओट्याशी लागले, तर आतून आवाज आला, "आज तुझी आठ मिनिटं झाली का गं?" तेव्हापासून सकाळच्या त्या वेळात फोन आला तर त्याच घेतात.

प्रत्येक घरात असं होईल असं मी म्हणणार नाही. पण एकदा शांतपणे आकडे सांगून बघा. चार माणसांच्या पोळ्या म्हणजे पाऊण तास उभं राहून एकच हालचाल. आठ मिनिटं खुर्चीत बसून वाजवणं म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. घरच्यांना आपलं दुखणं दिसत नाही, त्यांना फक्त आपण काय केलं आणि काय केलं नाही एवढंच दिसतं. बरेचदा तपासणीच्या वेळी घरातल्या एकाला बरोबर नेलं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं, की घरातलं बोलणं बदलतं. आणि नाही बदललं तरी तुमची आठ मिनिटं सोडू नका. ती कमावण्यासाठी आधी सगळी कामं उरकली पाहिजेत असा नियम आजारी नसलेल्या माणसालाही कोणी लावत नाही.

रांगोळीला वाकता येत नाही. दिवाळीत दार सुनं वाटतं.

जमिनीवर काढायलाच हवी असं नाही. मी एका जुन्या कपाटाची फळी गेरूने रंगवून घेतली आहे. ती टेबलावर ठेवायची, उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून रांगोळी काढायची आणि मग घरातल्या कोणी ती दोन्ही हातांनी आडवी धरून दाराशी नेऊन ठेवायची. पहिल्या वर्षी मुलाने नेताना उंबऱ्याला धक्का लागला आणि एक कोपरा सांडला. त्याने तो हळदीने भरून टाकला, आता दर वर्षी एक कोपरा हळदीचा असतो.

चिमटीत रांगोळी धरताना अंगठा आणि तर्जनी फार दुखतात, कारण दाब सतत तोच असतो. तुळशीबागेत रांगोळी भरायच्या नळ्या मिळतात, जाड बुडाची नळी घ्या म्हणजे अख्ख्या मुठीत धरता येते. ठिपके कागदाने पाडून घ्या. एकवीसऐवजी सात ते सात. आणि चार दिवसांच्या चार रांगोळ्यांऐवजी एकच, रोज थोडी थोडी भरायची. वसुबारसेला रेषा, धनत्रयोदशीला रंग. लक्ष्मीपूजनाला ती पुरी होते.

गड, टेकडी, वारी... हे आता विसरूनच जायचं का?

सिंहगडाला गाडीरस्ता आहे. वाहनतळापासून देवटाक्यापर्यंत हळूहळू जायचं, झाडाखाली बसून पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं. पूर्वी पायवाटेने तासाभरात चढणाऱ्या माणसाला हे करताना पहिल्यांदा लाज वाटते, हे मला माहीत आहे. वर पोचल्यावर वारा तोच असतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढण्याची सक्तीही कोणी केलेली नाही, पायऱ्या रुंद आहेत, कुठेही बसता येतं. काठी वापरा, दोन काठ्या वापरा.

आळंदीहून निघालेली पालखी पुण्यात येते त्या दिवशी मी ज्ञानेश्वर पादुका चौकापासून गुडलक चौकापर्यंत फर्ग्युसन रस्त्याने दिंडीबरोबर चालते. एवढीच माझी वारी. वर्षातले सहा महिने मी त्या अंतरासाठी चालण्याचा सराव करते, आणि दुसऱ्या दिवशी कुठलंही काम ठेवत नाही.

नाटक किंवा मैफलीत तीन तास बसवत नाही.

बसू नका. कडेची खुर्ची मागून घ्या, मध्ये उठून मागे जाऊन उभे राहा. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, आणि मी कॉलेजपासून भारतीय बैठकीवर बसून अख्खे दिवस ऐकलेले आहेत. आता एक दिवस, एक कलाकार, खुर्ची, कमरेमागे छोटी उशी. बाहेर पडताना आत दुसरा कलाकार तंबोरे लावत असतो. तेव्हा पाय निघत नाही, पण निघते.

कार्यक्रमाच्या दिवशी एक गोळी जास्त घेऊन वेळ मारून नेऊ का?

मनाने नको. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्याने पोटाला आणि मूत्रपिंडांना त्रास होतो, आणि फायब्रोमायल्जियात त्यांचा फारसा उपयोगही होत नाही. संधिवातात सूज उतरवायला त्या दिल्या जातात, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. शिवाय गोळीने दुखणं झाकून दुप्पट नाचलं की हिशेब दुसऱ्या दिवशी होतोच.

दुखणं उसळलं की काय करू? सगळं बंद?

शून्यावर आणू नका. निम्म्यावर आणा. आठ मिनिटं असतील तर चार, तीही जमत नसतील तर नुसती पेटी पुसा, किंवा तेच पद लावून ऐका. दोन-तीन दिवसांनी परत पूर्वीच्या पायरीवर. उसळी आठवडाभर उतरली नाही किंवा दुखणं नव्याच जागी, नव्याच तऱ्हेचं असेल तर डॉक्टरांना फोन.

मी बरं असताना एक डबा भरून ठेवला आहे. शेकायची पिशवी, कानात घालायचे बोळे, आवडत्या गाण्यांची यादी, बहिणीचं पत्र आणि माझ्याच अक्षरातली चिठ्ठी : "मागच्या वेळीही असंच वाटलं होतं. पाचव्या दिवशी उतरलं." ऐन ठणक्यात दुसऱ्या कोणाचं पटत नाही, स्वतःचं अक्षर पटतं.

आता कशातच मन लागत नाही. आवडायचं तेही आवडत नाही. मग सुरू कशाला करू?

जुनाट दुखण्यासोबत नैराश्य फार वेळा येतं. त्यात तुमचा काही दोष नाही. मन तयार होईल मग करू, असं म्हटलं तर मन तयार होत नाही. आधी हात हलतात, मग कधीतरी मन मागून येतं. पहिले आठ-दहा दिवस काहीच वाटणार नाही, तरी पाच मिनिटं ठरल्या वेळी करा.

पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर तेही डॉक्टरांना दुखण्याइतक्याच स्पष्टपणे सांगा. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर आजच कोणाशी तरी बोला. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीतूनही बोलता येतं.

काही गोष्टी कधीच परत येणार नाहीत का?

काही नाही येणार. खोटा धीर मी देणार नाही.

माझी फुगडी गेली. मंगळागौरीच्या खेळांत मी आणि माझी मामेबहीण, आम्ही दोघी फुगडीला उभ्या राहिलो की बाकीच्या बाजूला सरायच्या. मनगटं आता तो झटका घेऊ शकत नाहीत. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा महिनाभर भोगलं. त्यानंतर दोन वर्षं मी मंगळागौरीला गेलेच नाही, बघवायचं नाही म्हणून. त्याचं दुःख मी केलं, बहिणीजवळ बसून, मोठ्याने. ते करायला हवंच होतं.

गेल्या श्रावणात तिच्या सुनेची पहिली मंगळागौर होती. मी गेले. रात्री अकराला खेळ सुरू झाले तेव्हा कोणीतरी मला भिंतीशी खुर्ची दिली आणि हातात ताट-चमचा ठेवला. झिम्म्याच्या गाण्यांच्या मधल्या ओळी नव्या मुलींना येत नव्हत्या, त्या मला पाठ होत्या. साडेअकराला माझा गजर वाजला. बहीण म्हणाली, "थांब, एक फुगडी बघून जा." ती आपल्या सुनेबरोबर उभी राहिली, आणि मी ताटावर ठेका धरला.